जुना तोडण्याआधी नवा जोडा

सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. ‘सोमवारपासून पाइप बदलण्याचे काम सुरू होत आहे. सभासदांनी सहकार्य करावे.’ दोन ओळी, खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का.

किती दिवस? लिहिलेलं नाही. पाणी किती वाजता बंद होणार, किती वाजता परत येणार? लिहिलेलं नाही. आधी कोणाची मोरी फुटणार? तेही नाही.

मग सहकार्य करायचं तरी कशाशी?

मुलुंड पूर्वेला आमची इमारत. १९८४ ची. चार मजले, ३२ घरं, लिफ्ट नाही. अंधेरीत, बोरिवलीत, घाटकोपरला अशाच इमारती गल्लोगल्ली उभ्या आहेत. पाटीवरचं नाव बदला, बोर्डावरची नोटीस तीच निघेल.

१९५० साली अंधेरी, घाटकोपर मुंबईच्या हद्दीत आलं. १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भिंतींत जीआयचे पाइप गेले. ते पाइप आज चाळिशी ओलांडून गेलेत. इमारतीला आपण तीनदा रंग दिला. पाइपाकडे कोणी बघितलं?

जीआय म्हणजे लोखंड, वर जस्ताचा मुलामा. मुलामा झिजला की आतून गंज धरतो. आणि गंज फुगतो. अर्ध्या इंची पाइपाचं तोंड निम्मं झालं की पाण्याची वाट निम्मी उरत नाही, पाव उरते. चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते आणि आपण खिडकीतून वॉचमनला ओरडतो, ‘पंप लावला नाहीस का रे?’

त्याने पंप पहाटे साडेपाचलाच लावलेला असतो.

वैतरणेचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं. गाळलं जातं, क्लोरीन घातलं जातं, तपासलं जातं. महापालिका असं ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी रोज या शहराला पुरवते. एवढ्या खटाटोपाने दारात आलेलं पाणी शेवटचे पन्नास फूट आपल्याच गंजातून उतरतं. सकाळची पहिली बालदी तांबडी. आणि तक्रार कोणाकडे? वॉर्ड ऑफिसात.

नळाला फडकं बांधायचं, स्वयंपाकघरात महागडं फिल्टर बसवायचं, आंघोळीच्या पाण्यात तुरटी फिरवायची. चाळीस वर्षांत हे सगळं करून झालं. पाइप बदलणं तेवढं राहिलं.

का राहिलं? एका वाक्यामुळे.

‘आता रिडेव्हलपमेंट होणारच आहे, पाइपावर पैसे कशाला घालायचे?’

दर सर्वसाधारण सभेत पाइपाचा विषय निघतो आणि दर वेळी हे वाक्य तो गाडून टाकतं. रिडेव्हलपमेंटची, सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखालची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २००९ मध्ये आली. जुलै २०१९ मध्ये सुधारून आली. मधल्या काळात आमच्याकडे दोन बिल्डर चहा पिऊन गेले आणि तीन कमिट्या बदलल्या. गंज मात्र कोणाची वाट बघत थांबला नाही.

रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल. उद्या सकाळी दात घासायचेत त्याचं काय?

पैसे नाहीत, असंही सांगितलं जातं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी आहे. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के. सिंकिंग फंड वेगळा, किमान ०.२५ टक्के. आता ‘बांधकाम खर्च’ कोणत्या सालचा? आमच्या हिशेबात १९८४ चा. त्या रकमेवर पाऊण टक्का काढून आजच्या भावाचा पाइप येईल का? रक्कम वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. उपविधीत शब्द ‘किमान’ असा आहे, आपण तो ‘कमाल’ असा वाचला.

महिन्याला दोनशे रुपये वाढवायला चाळीस मिनिटं भांडतो. मग एका दिवशी तीस-चाळीस हजारांची वर्गणी येते आणि तेव्हा कोणाला भांडायलाही सवड नसते, कारण वरून पाणी ठिबकत असतं.

त्याच उपविधींत कामाची वाटणीही आहे. बाहेरचे सामायिक पाइप, टाक्या, पंप, ड्रेनेजच्या लाइन्स सोसायटीच्या खर्चाने. घरातल्या मोरी-संडासाची गळती सभासदाच्या खर्चाने. पाण्याचं बिल घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. म्हणजे नळाला धार नसली तरी नळ मोजला जातो.

असो. काम निघालं, हे चांगलंच झालं. मी कामाच्या विरोधात नाही. मी त्या दोन ओळींच्या नोटिशीच्या विरोधात आहे.

नोटीस वाचून जिन्यात जो भेटेल तो एकच सल्ला देतो. ‘चार दिवस कुठेतरी जाऊन राहा ना.’

कुठे?

बहिणीचं घर डोंबिवलीला, एक बीएचके, त्यात पाच माणसं. दिराकडे मुलाची दहावी. गाव लांजा तालुक्यात, तिथून रोज कामावर कसं यायचं? भाड्याने घर घ्यायचं तर डिपॉझिट मोजा, दलाली मोजा, आणि एका महिन्यासाठी देतो कोण? ‘चार दिवस’ हेही खरं नाही. आमचं काम एकोणीस दिवस चाललं.

उपनगरातला माणूस घरातच राहतो. भिंत फुटलेली असो, मोरी उघडी असो, कपाटावर चादर टाकून तिथेच राहतो. म्हणून काम आखतानाच धरून चाला की घरात माणसं असणार आहेत. त्यात एक म्हातारं असणार, एक शाळेत जाणारं असणार, आणि एकजण दुपारी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असणार.

पण ठेकेदार काम आखतो ते रिकाम्या घराचं.

पहिल्या दिवशी काय झालं सांगते. सकाळी दहाला ब्रेकर सुरू झाला. दुपारपर्यंत आमच्या रांगेतल्या चारही मजल्यांच्या मोऱ्या फोडून झाल्या. जुने पाइप कापून अंगणात ढीग. संध्याकाळी सहाला माणसं हातपाय धुवून निघून गेली. नवा पाइप? ‘माल उद्या येईल, मॅडम.’

उद्या म्हणजे शुक्रवार.

सोमवारी तोडलं, माल शुक्रवारी. तोडायची एवढी घाई कशाला होती?

घाईला कारण असतं. एकदा भिंत फोडली की गिऱ्हाईक अडकलं. मग माल उशिरा येऊ दे, माणसं दुसऱ्या साइटवर जाऊ देत, दर वाढवून मागू दे, तुम्ही कुठे जाणार? फुटकी मोरी घेऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलात तर तो म्हणणार, दुसऱ्याचं अर्धवट काम मी घेत नाही. तोडकामाचं बिल पहिल्या आठवड्यात लागतं. जोडकामाची कोणालाच घाई नसते.

हे बदलता येतं. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, करारात एक ओळ लागते. नवी लाइन चालू झाल्याशिवाय जुनी तोडायची नाही.

शक्य आहे का? आहे. गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणारी लाइन, प्लंबर तिला डाऊनटेक म्हणतात, ती जुन्या लाइनच्या शेजारून डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून नव्याने उतरवायची. क्लॅम्प मारायचे. प्रत्येक घरापाशी एक व्हॉल्व्ह काढून ठेवायचा. तोवर जुन्यातून पाणी चालूच. नवी लाइन दाबाखाली तपासली, कुठे पाझरत नाही हे बघितलं, की मग एका दुपारी टाकीपाशी जुनी सोडून नवी जोडायची. घरात पाणी बंद राहतं ते फक्त त्या दुपारी.

शेजारच्या गल्लीतल्या सोसायटीने गेल्या वर्षी असंच केलं. तिथल्या वहिनींना विचारलं, किती त्रास झाला? म्हणाल्या, ‘एक दिवस दुपारची भांडी संध्याकाळी घासली.’

एकोणीस दिवस आणि एक दुपार. पाइप तोच, प्लंबरही त्याच नाक्यावरचा. फरक फक्त आधी काय आणि नंतर काय याचा.

घराच्या आतही हेच. सगळं भिंतीत लपवायचा हट्ट सोडा. उघड्यावरून गेलेला पाइप दिसतो, हे खरं. गळला तर तेही दिसतं. भिंतीतला पाइप गळतो ते खालच्या घरच्या छताला कळतं, तेव्हा दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं असतं.

आणि भिंत कापायचीच असेल तर वीटकाम कापा. कॉलम, बीमला हात लावू देऊ नका. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला लावणारा कायदा आहे. ऑडिटमध्ये बीम ठीक आहे म्हणून लिहून घ्यायचं आणि सहा महिन्यांनी त्याच बीमला एल्बो बसवायला खाच पाडायची? प्लंबर खाच पाडणारच, त्याला सरळ रेघ हवी असते. थांबवायला घरात कोणीतरी उभं पाहिजे.

आता पाण्याचा हिशेब. माणशी १३५ लिटर रोज, हा सरकारी नियोजनातला आकडा. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. पंधरा लिटरच्या बालदीने ३६ बालद्या. तिसरा मजला. लिफ्ट नाही. खालच्या टाकीपाशी एक नळ आणि त्याच्यासमोर सोळा घरांची रांग.

कोण वाहणार?

अर्थात कोणी ३६ बालद्या वाहत नाही. आठ-दहांवर भागवतात. म्हणजे आंघोळ अर्ध्या बालदीत, कपडे तुंबलेले, फरशी न पुसलेली. भाजी धुतलेल्या पाण्याने भांड्यांचा पहिला हात. आणि हे भागवण्याचं गणित घरातली बाईच रात्री झोपताना मनात मांडत असते, उद्याच्या पिंपात किती आहे ते आठवत. पुरुष मंडळी जिन्यात उभी राहून सीपीव्हीसीचा पाइप चांगला की यूपीव्हीसीचा यावर बोलतात.

कामाला येणाऱ्या मावशींचं काय? नळ बंद झाल्यावर भांडी खाली उतरवून घासायची, परत वर न्यायची. काम दुप्पट. पगार वाढवून दिला कोणी? आमच्या जिन्यात दोन घरांनी दिला. बाकीच्या घरांनी ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे’ असं म्हणून सोडून दिलं.

आणि आता तो शब्द, जो कोणत्याही नोटिशीत नसतो.

संडास.

स्वयंपाक बाहेरून मागवता येतो. कपडे लाँड्रीत देता येतात. आंघोळ एक दिवस चुकली तर चालतं. याला पर्याय नाही, आणि नेमकं हेच कोणी बोलत नाही. ज्यांच्याकडे दोन आहेत त्यांनी एका वेळी एकच फोडू द्यावा, ठेकेदार काहीही म्हणो. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांनी? शेजाऱ्यांकडे जायचं. किती वेळा? रात्री दोनला दार वाजवायचं?

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. गुडघे गेलेले. समोरच्या ब्लॉकमध्ये जायला नको म्हणून त्यांनी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, पाणी किती पिता?’ त्या गप्प बसल्या.

घरात प्यायचं पाणी भरपूर होतं. जायला जागा नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचे ते पाच दिवस नेमके त्याच आठवड्यात आले. तिची आई माझ्याकडे हळूच विचारायला आली, ‘वहिनी, तुमच्याकडचं पाणी आलं का हो?’ आलं नव्हतं. मुलगी दोन दिवस कॉलेजला लवकर जायला लागली. अभ्यासासाठी नव्हे.

सेक्रेटरींना हे माहीत होतं का? नव्हतं. कोणी विचारलंच नाही, मग सांगणार कोण? ३२ घरांत कोण आजारी आहे, कोण गरोदर, कोणाला जिना उतरत नाही, ही यादी अर्ध्या तासात होते. दार वाजवायचं आणि विचारायचं. वर्गणी गोळा करायला प्रत्येक दार वाजवलंच होतं ना?

खाली पंपाच्या खोलीशेजारी वॉचमनचा संडास आहे. अंधारा, कडी तुटलेली. काम सुरू व्हायच्या आधी तिथे एक बल्ब, एक कडी आणि धरायला एक दांडा बसवला असता तर तळमजल्यावरच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची सोय झाली असती. खर्च? ठेकेदाराच्या एका दिवसाच्या चहापाण्याएवढा.

महापालिकेला आपण उठता-बसता बोल लावतो. जरा आठवा. ३० जानेवारी २०२३ ला सकाळी दहापासून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत, चोवीस तास, भांडुप जलशुद्धीकरण संकुलातल्या जोडकामासाठी २४ पैकी १२ वॉर्डांचं पाणी बंद होतं. लाखो माणसं. ओरड किती झाली? फार नाही. आधी जाहीर केलं होतं, वेळ दिली होती, लोकांनी पिंपं भरून ठेवली होती.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामात वेरावली जलाशयाला पाणी नेणारी १,८०० मिलिमीटरची जलवाहिनी फुटली. दुरुस्तीला सुमारे पन्नास तास लागले. कोणाला आधी कळवायची सोयच नव्हती. अंधेरी, जोगेश्वरीपासून घाटकोपरपर्यंत लोक हंडे घेऊन टँकरमागे धावले.

पाणी दोन्ही वेळेला गेलं. एका वेळेला तारीख होती.

अर्धी मुंबई बंद ठेवणारं खातं लोकांना तास सांगू शकतं आणि ३२ घरांची कमिटी वार सांगू शकत नाही?

टँकर मागवू, असंही सभेत सांगितलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये नवीन नियमांवरून टँकरवाल्यांनी संप केला आणि ऐन उन्हाळ्यात शहरभरातल्या सोसायट्या अडकल्या. टँकर हवाच, पण तो एकटा आधार नव्हे. शिवाय टँकर खालची टाकी भरतो. वर चढवणारी लाइनच कापून ठेवली असेल तर त्या दहा हजार लिटरांचं करायचं काय?

कामावरच्या माणसांबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहिते. डक्टमध्ये तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक पोरगा बांबूवर पाय टेकून पाइप कापत होता. कमरेला काही नव्हतं. मी खिडकीतून विचारलं, ‘पट्टा कुठाय रे तुझा?’ म्हणाला, ‘खाली बॅगेत आहे.’ बॅगेत असलेला पट्टा पडताना कोणाला धरतो? ठेकेदाराला फोन केला. दहा मिनिटांत पट्टा लागला.

म्हणजे लावता येत होता.

हीच माणसं दिवसभर आपले संडास दुरुस्त करतात. त्यांनी स्वतः कुठे जायचं, हे आमच्या करारात नव्हतं. तुमच्या आहे का?

मोरीची फरशी परत बसवायची वेळ आली की ठेकेदाराला एकदम घाई सुटते. तेव्हा तुम्ही थांबा. आधी वॉटरप्रूफिंग, मग नहाणी ट्रॅपला बोळा लावून मोरीत पाणी भरायचं आणि निदान चोवीस तास तसंच ठेवायचं. खालच्या घरच्यांनी त्यांचं छत बघायचं. कोरडं राहिलं तर फरशी. हा एक दिवस वाचवला की पुढची दहा वर्षं खालचे आणि वरचे एकमेकांच्या गणपतीला जात नाहीत.

नहाणी ट्रॅप हा शब्द प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांत तसाच छापतात. न्हाणी आपली, शब्द आपला. त्यात साचून राहणारं दोन बोटं पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. काम चालू असताना तो उघडा असतो, पाणी नसतं. रोज रात्री त्याच्या तोंडाला जाड ओलं फडकं कोंबायचं. हे मला प्लंबरने सांगितलं, पण आठव्या दिवशी. सात रात्री घरात झुरळं फिरून झाल्यावर.

सीपीव्हीसीचे जोड चिकटवतात. सॉल्व्हंट सिमेंट लावलं की जोड लगेच धरतो, पण लगेच दाब सोसत नाही. त्याला वाळायला वेळ द्यायचा. संध्याकाळी जोडलं आणि लोक ओरडतात म्हणून तासाभरात पाणी सोडलं, की रात्री जोड निसटतो. लोकांना ओरडायला लावू नका, आणि लोकहो, तिथे ओरडू नका. बाकी एकोणीस दिवस ओरडायला हरकत नाही.

राडारोडा. फुटपाथवर टाकू नका, महापालिकेची डेब्रिज उचलण्याची सेवा आहे, फोन करा. इथे यापेक्षा जास्त शब्द लागू नयेत, पण आमच्या गेटबाहेर फुटक्या फरश्या दोन आठवडे होत्या आणि शाळेची मुलं रस्त्याच्या मधून चालत होती.

विसाव्या दिवशी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नळाला पाणी आलं. पहिल्या पाण्याला सिमेंटचा उग्र वास होता. ते सोडून दिलं, वास जाईपर्यंत. ते पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका. टाकीवरून खाली आलेली माती आणि पाइपातली भुकटी त्याच पाण्यात येते. नळाच्या जाळ्या काढून धुवा, नाहीतर नव्या पाइपाला जुनीच धार लागते.

मग धार लागली. चाळीस वर्षांत तिसऱ्या मजल्यावर नव्हती अशी. सासूबाईंनी नळाखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. काही बोलल्या नाहीत.

दुपारपर्यंत स्वयंपाकघरातला जुना नळ गळायला लागला. इतकी वर्षं दाब नव्हता, म्हणून त्याचा झिजलेला वायसर उघडा पडला नव्हता. पाइप बदलणार असाल तर जुन्या नळांचे वायसर आणि गिझरचे जोड त्याच दिवशी बदलून घ्या. प्लंबर दारात असतो, सामान हातात असतं. नंतर त्याच कामाला तो चार फोन केल्यावर येतो.

मुलुंड आणि वांद्रे पश्चिम इथे चोवीस तास पाण्याचा प्रयोग करायचं २०१४ मध्ये ठरलं. शहरात आजही पाणी ठरल्या वेळीच येतं. ते कधी बदलेल ते बदलेल. पालिकेची जलवाहिनी तुमच्या हातात नाही. गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्या मोरीपर्यंतचा पाइप तुमच्या हातात आहे, आणि तो कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने तुटणार हेही.

तुमच्याकडे नोटीस लागली असेल, तर आज संध्याकाळी सेक्रेटरींकडे जा. नवी लाइन चालू झाल्याशिवाय जुनी तोडणार नाही, हे ठेकेदाराकडून लिहून घ्यायला सांगा. कामाच्या रकमेचा मोठा हिस्सा पाणी चालू झाल्यावर द्यायला सांगा. प्रत्येक मजल्याचा वार आणि बंद-चालूची वेळ बोर्डावर लावायला सांगा. घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर त्या घराचं काम सगळ्यात आधी आणि एका दिवसात.

आणि सोमवारी सकाळी ब्रेकरवाला दारात आला, तर त्याला आत घेण्याआधी एवढंच विचारा: नवा पाइप कुठे आहे? खाली अंगणात येऊन पडला असेल, तर दार उघडा.